एंडो आणि नोज मॅन्युअल: मागचं चाक कशाच्या जोरावर वर राहतं?

फोटोत सायकलच्या या दोन्ही ट्रिक्स अगदी सारख्या दिसतात. वीस इंची चाकांची बीएमएक्स (कसरतींची छोटी सायकल) पुढच्या चाकावर उभी, मागचं चाक हवेत, चालवणारा पेडलवर. सायकल थांबत चाललीय की गडगडत पुढे निघालीय, हे फोटो सांगत नाही, आणि सगळा फरक नेमका तिथेच आहे.

एंडो म्हणजे पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक उचलणं. मोटरसायकलवाली पोरं ज्याला स्टॉपी म्हणतात तेच. नोज मॅन्युअलमध्ये ब्रेक नाही, पेडल मारणंही नाही. आहे त्या वेगावर, फक्त तोलावर, पुढच्या चाकावरून जायचं.

लहानपणी तळहातावर काठी उभी धरली असेलच. काठी मागे कलली की आपण हात झटकन मागे नेतो. हात तसा मागे खेचला जातोय तोवर कललेली काठीही पडत नाही. एंडोत हात मागे खेचण्याचं काम ब्रेक करतो. त्यामुळे तुमचं वजन पुढच्या आसाच्या बरंच मागे असलं तरी चाक वर राहतं. ब्रेक सोडला की काठी मागे पडते, म्हणजे मागचं चाक धप्पकन खाली येतं.

थोडं गणित. सायकल आणि स्वार मिळून गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटर वर आणि पुढचं चाक टेकतं त्या जागेच्या अर्धा मीटर मागे आहे, असं धरू. मागचं चाक जमिनीवरून सुटायला वेग गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणाच्या निम्म्या दराने कमी व्हावा लागतो. त्याच जोराने ब्रेक धरून ठेवला तर ताशी वीस किलोमीटरवरून सायकल तीन-सव्वातीन मीटरमध्ये थांबते. चाक वर जाईल तसा गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि ब्रेक हलका करता येतो, म्हणून मुरलेला गडी याहून लांब जातो. पण ब्रेकवर टेकलेला आहे तोवर प्रत्येक मीटरला वेगाचे पैसे मोजतोच आहे.

नोज मॅन्युअलमध्ये ही उधारी मिळत नाही. वजन थेट आसाच्या डोक्यावर आणावं लागतं. एंडोत पार्श्वभाग मागे ठेवायची सवय लागते आणि तीच इथे आडवी येते. इथे कंबर आणि खांदे हॅन्डलबारवर न्यायचे, पंजे खाली वळवून पेडल मागे-वर खरवडल्यासारखी ओढायची, मग मागचं चाक उठतं. पुढे कलंडतोय असं वाटलं तर हातांनी बार पुढे ढकलायचा, म्हणजे चाक अंगाखाली येतं. मागे पडतोय असं वाटलं तर अंग पुढे. डावी-उजवीकडचा तोल बारच्या बारीक वळणांनी सांभाळायचा, आणि त्यासाठी थोडा वेग हवाच. फार हळू गेलात तर आडवे पडाल.

मागच्या चाकावरचं साधं मॅन्युअल येणाऱ्यांचा इथे हमखास घात होतो. तिथे फार मागे गेलात की मागचा ब्रेक वाचवतो, पुढचं चाक खाली बसतं. तोच हात घाबरून इथे पुढच्या ब्रेकवर गेला तर? आधीच पुढे कललेली सायकल तुम्हाला बारवरून फेकते. स्ट्रीटवाले, म्हणजे रस्त्यावरच्या पायऱ्या-कठड्यांवर ट्रिक्स करणारे, बरेच जण सायकलला ब्रेकच लावत नाहीत. निदान या ट्रिकपुरतं ते शहाणपणाचं आहे.

(फ्लॅटलँडमधला, म्हणजे सपाट जमिनीवरच्या ट्रिक्समधला, हँग-फाइव्ह हा याचाच भाऊ: एक पाय पुढच्या पेगवर (आसाच्या टोकाला लावलेल्या दांडीवर), दुसरा हवेत लोंबता, तोलाला. तो वेगळ्या दिवशी.)

सुरुवात कुठून करायची? माझ्या मते एंडोपासूनच, तोही ब्रेकशिवाय. ब्रेकचं काम इथे फुटपाथची कड करते: तिच्यावर पुढचं चाक हळूच टेकवा आणि मागचं उचलू द्या. त्या उंचीवर तोलाचा बिंदू कुठे येतो, ते अंगाला कळतं. पण एंडो लांबवत नेला की त्याचंच एक दिवस नोज मॅन्युअल होईल, या भरवशावर राहू नका. ब्रेकवर बोट असेपर्यंत अंग पुढे यायला तयारच होत नाही. बोट काढा, सपाट जागी चालण्याहून जरा जास्त वेग घ्या आणि आधी फक्त पडायला शिका: दोन्ही पाय पेडलवरून सोडून, बारच्या वरून पुढे पळत उतरायचं. हेल्मेट घालून. हे दहा-बारा वेळा जमलं की कंबर आपोआप पुढे यायला लागते.