विमानाने जाताना लॅपटॉप, पॉवरबँक आणि ड्रोनची बॅटरी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

वरुड-मोर्शी भागातून कामासाठी विमानाने जाणारे आमचे ग्राहक आता बरेच झाले आहेत. संत्र्याचे व्यापारी, लग्नाचं शूटिंग करणारे फोटोग्राफर, मोजणीची यंत्रं घेऊन फिरणारे सर्व्हेअर, फवारणी ड्रोनचे पायलट, पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम घरून करणारी मुलंमुली. विमान नागपूरचं असो की अमरावतीच्या बेलोऱ्याचं, तपासणीत अडते ती बहुतेक वेळा बॅटरी. शहरातला माणूस अडलेली वस्तू सोडायला आलेल्या घरच्यांच्या हाती देतो. आपला माणूस एसटीने नाहीतर ट्रॅव्हल्सने गेलेला असतो, वस्तू परत न्यायला मागे कोणी नसतं. म्हणून पुढचं सगळं घरीच, बॅग भरतानाच पाहून घ्या.

आधी आकडा शोधा

विमानात बॅटरीचं माप वॅट-अवरमध्ये धरतात. हा आकडा बॅटरीवर बारीक अक्षरात छापलेला असतो. नसेल तर एमएएचला (बॅटरीवर छापलेली तिची क्षमता, mAh) व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा. २०,००० एमएएचची पॉवरबँक आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टने ७४ वॅट-अवर होते. ३०,००० ची १११ होते.

१०० वॅट-अवरपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० मध्ये असेल तर विमान कंपनीची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि अशा सुट्या बॅटऱ्या दोनच नेता येतात. १६० च्या वरची बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही. लॅपटॉपची बॅटरी बहुधा ४० ते १०० च्या आत असते, कॅमेऱ्याची तर त्याहून कितीतरी लहान, त्यामुळे तिथे काळजी नाही. मोठ्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मात्र शंभरच्या आसपास आणि काही त्याच्याही वर असतात. त्या एकेक करून पाहा.

सुटी बॅटरी आणि पॉवरबँक हातातल्या बॅगेतच

हा नियम पुष्कळांना उलटा वाटतो. धोक्याची वस्तू माणसांजवळ कशाला, असं आम्हाला काउंटरवर विचारतात. कारण असं: लिथियमचा एक सेल तापून पेटला की त्याची उष्णता शेजारच्या सेलला पेटवते. विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यातला आग विझवणारा वायू ज्वाळा दाबतो, पण सेलच्या आतलं तापणं थांबवू शकत नाही. केबिनमध्ये निदान धूर लगेच दिसतो आणि कर्मचारी पाणी ओतून बॅटरी थंड करू शकतात.

२८ जानेवारी २०२५ ला दक्षिण कोरियात गिमहे विमानतळावर उभ्या विमानाला आग लागली. डोक्यावरच्या कप्प्यातल्या पॉवरबँकची बॅटरी हे तिचं संभाव्य कारण तपासात पुढे आलं. तेव्हापासून बऱ्याच देशांनी नियम कडक केले. आपल्याकडेही डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, विमानात पॉवरबँक लावून मोबाईल चार्ज करायला मनाई केली आहे. ती वरच्या कप्प्यात टाकू नका, जवळ ठेवा. सुट्या बॅटऱ्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा. नाण्यांच्या, किल्ल्यांच्या कप्प्यात तर मुळीच नको.

ज्या पॉवरबँकवर काहीच छापलेलं नाही, ती घेऊन निघूच नका. आकडा दिसत नसेल तर तपासणीतला जवान ती सोडणार नाही. विकत घेताना बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) चिन्ह आणि आर ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहून घ्या. बाजारातल्या स्वस्त मालावर तो बरेचदा नसतो, आणि त्यावर लिहिलेल्या एमएएचवर आमचा तरी विश्वास नाही.

फवारणीचा ड्रोन

इथे आशा ठेवू नका. २२.२ व्होल्ट, १६,००० एमएएचची बॅटरी ३५५ वॅट-अवर होते, म्हणजे मर्यादेच्या दुपटीहून जास्त. मोठ्या ड्रोनच्या तर याहून कितीतरी वर. मालवाहतूक म्हणून बुक करू म्हणाल, तर नुसत्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानात माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. प्रशिक्षणाला किंवा प्रात्यक्षिकाला जायचं असेल तर बॅटऱ्या रस्त्याने पाठवा, नाहीतर तिथेच मिळतील अशी सोय आधी करा. फोटोच्या लहान ड्रोनची बॅटरी आकड्यात बसते, पण ड्रोन कसा न्यायचा हे तिकीट काढतानाच विमान कंपनीला विचारा.

फुगलेली बॅटरी

आपल्या भागासाठी हे आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नवतपात बंद गाडीत राहिलेला लॅपटॉप, पत्र्याच्या खोलीत दिवसभर चार्जिंगला लावलेला मोबाईल, यांच्या बॅटऱ्या फुगतात. लॅपटॉपचा टचपॅड वर आला, झाकण नीट बसेना किंवा खालची बाजू डुगडुगू लागली, तर ते यंत्र विमानात नेऊ नका, चार्जिंगलाही लावू नका. दाबून बसवायचा किंवा टोचायचा प्रयत्न तर चुकूनही नको. थेट दुकानात आणा.

तपासणीत लॅपटॉप आणि पॉवरबँक बाहेर काढून ट्रेमध्ये ठेवावी लागतात, म्हणून त्या बॅगेत वरच ठेवा. स्क्रू-ड्रायव्हर, पक्कड, सोल्डरिंग गन ही हत्यारं चेक-इन बॅगेत. मोजणीचं यंत्र त्याच बॅगेत द्यावं लागलं तर ते पूर्ण बंद करा, स्लीपवर ठेवू नका, आणि त्याच्या सुट्या बॅटऱ्या तेवढ्या आपल्याजवळ ठेवा.

निघण्याच्या चार-पाच दिवस आधी सगळी यंत्रं घेऊन दुकानात या. आम्ही प्रत्येक बॅटरीचा आकडा काढून चिठ्ठीवर लिहून देऊ आणि फुगलेली आहे का तेही पाहू. यंत्र आमच्याकडून घेतलेलं नसलं तरी या कामाचे पैसे घेत नाही. बॅटरी बदलायची निघाली तर ती मागवायला दोन-तीन दिवस जातात, म्हणून आदल्या संध्याकाळी येऊ नका.