महापौरांच्या हाती नेमकं काय? छत्रपती संभाजीनगर महापालिकेची पार्श्वभूमी

जानेवारी २०२६ मध्ये मतदान झालं तेव्हा महापौरांची खुर्ची एप्रिल २०२० पासून रिकामी होती. शहराला याची सवय आहेच: महापालिका डिसेंबर १९८२ मध्ये झाली, पहिली निवडणूक १९८८ मध्ये. मधली वर्षं प्रशासकाची.

सुरुवातीला महापौर वर्षभराचाच. एखादी जलवाहिनी अंदाजपत्रकातून निविदेपर्यंत येईतो पद दुसऱ्याकडे. पुढे मुदत अडीच वर्षांची झाली, पण आरक्षणाची सोडत मंत्रालयात निघते. पुढचा प्रवर्ग बदलला की काम केलेल्यालाही पुन्हा संधी नाही. मग नजर विधानसभेच्या तिकिटाकडे. १९९८-९९ मध्ये मुंबई-नागपुरात महापौर परिषदेचा, म्हणजे कार्यकारी अधिकार महापौर आणि त्यांच्या मंडळाकडे देण्याचा, प्रयोग झाला आणि लगेच गुंडाळला. मराठवाड्यात तो आलाच नाही. नांदेड, लातूर, परभणी, जालना इथेही महापालिकांचा १९४९ चाच कायदा. कार्यकारी अधिकार आयुक्तांचे.

मग महापौरांच्या हाती उरते ती सर्वसाधारण सभा. खरा वाद इथलाच. सभेची सूचना एरवी सात दिवस आधी, विषयपत्रिकेसह निघते. पण सभा संपता संपता विषयपत्रिकेत नसलेले ‘ऐनवेळचे विषय’ येतात. सूचक-अनुमोदकाचं नाव लागतं, पीठासीन अधिकारी म्हणून महापौर ‘मंजूर’ म्हणतात. चर्चा नाही, प्रशासनाची टिप्पणी नाही. कधी विषय सभागृहात वाचलेलाही नसतो आणि पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होताना तो ठराव म्हणून उगवतो. भूखंडाचं आरक्षण वगळणं, मुदतवाढ, भाडेपट्टा, असेच विषय इथे यावेत हा योगायोग म्हणायचा का?

आयुक्तांना ठराव बेकायदा वाटला तर तो याच कायद्याच्या कलम ४५१ खाली विखंडनासाठी, म्हणजे रद्द करण्यासाठी, शासनाकडे जातो. तिथे निकाल लांबला की सभागृह आयुक्तांवर खापर फोडतं. या दोषात शासनाचाही वाटा आहे, त्याची चर्चा मात्र कमी होते.

पैशाचं गणितही असंच बिघडलं. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायी समितीत फुगतं, सर्वसाधारण सभेत आणखी फुगतं. उत्पन्नाचे आकडे कागदावर वाढवून प्रभागातली कामं बसवायची. मालमत्ता कराची वसुली तेवढी होत नाही, ठेकेदाराचं बिल थकतं आणि पुढच्या वर्षाच्या तरतुदीतला मोठा वाटा जुन्या, ‘स्पिल ओव्हर’ कामांतच जातो. ऑगस्ट २०१५ मध्ये जकातीच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर बहुतेक व्यापाऱ्यांसाठी बंद झाल्यावर भिस्त शासनाच्या अनुदानावर आली. २०१८ चा कचरा प्रश्न पेटला, तेव्हा यंत्रं आणि प्रक्रिया केंद्रांसाठीही शासनाकडेच हात पसरावा लागला.

२०२० नंतरच्या प्रशासकाच्या काळात सभागृहाचे ठरावही प्रशासकच करत होते, आक्षेप घेणारं कुणी नव्हतं.