थेट अंतःक्षेपण इंजिनांतील कार्बनसंचय

पेट्रोल थेट सिलिंडरात फवारणाऱ्या इंजिनांत, मुख्यतः इनटेक व्हॉल्व्हच्या (हवा आत घेणाऱ्या झडपेच्या) पाठीवर आणि दांड्याभोवती, साठत जाणारा काळा, टणक थर. गॅरेजच्या बोलीत यालाच ‘कार्बन धरणे’ म्हणतात. इंजेक्टरच्या तोंडावर, पिस्टनच्या माथ्यावर व रिंगांच्या खाचांतही असा थर बसतो. परंतु या इंजिनांचे खास दुखणे व्हॉल्व्हवरच्या थराचे आहे. डिझेल इंजिनांच्या मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या नळ्यांत) साचणारी काजळी हा जवळचा पण स्वतंत्र विषय होय.

इतिहास : थेट अंतःक्षेपण पद्धतीचा आरंभ कोठे धरावा याविषयी एकमत नाही. स्वीडिश अभियंता योनास हेसेलमन यांच्या १९२५ मधील इंजिनाचा उल्लेख बहुधा प्रथम केला जातो. मात्र ते जड तेलावर चालण्यासाठी योजलेले असल्याने त्याला आजच्या पेट्रोल इंजिनांचा पूर्वज मानण्यापेक्षा वेगळी शाखा मानणे अधिक योग्य वाटते. मोटारगाड्यांत ही पद्धत १९५१-५२ च्या सुमारास गुटब्रोट व गोलियाथ या जर्मन कंपन्यांच्या छोट्या टू-स्ट्रोक गाड्यांत आली आणि फोर-स्ट्रोक इंजिनात १९५४ च्या मर्सिडीझ-बेंझ ३०० एसएलमध्ये. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणासह तिचे पुनरागमन १९९६ मध्ये मित्सुबिशीने घडवले. भारतात २०१३ मध्ये आलेल्या पोलो जीटी टीएसआय व इकोस्पोर्ट इकोबूस्ट या आरंभीच्या गाड्या. २०१९ नंतर व्हेन्यू, थार, एक्सयूव्ही७००, कुशाक अशा गाड्यांमुळे ती सर्वत्र पसरली. मारुतीच्या ‘ड्युअलजेट’ इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन इंजेक्टर असले तरी ते व्हॉल्व्हच्या अलीकडे, पोर्टमध्येच (हवा आत येण्याच्या वाटेतच) फवारतात. नावामुळे होणारा हा घोटाळा वारंवार आढळतो.

कारणमीमांसा : व्हॉल्व्हवरचा कार्बन ही थेट अंतःक्षेपणाने आणलेली नवी आपत्ती नव्हे, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९८० च्या दशकात पोर्टमध्ये फवारणाऱ्या इंजिनांतही ही तक्रार मोठी होती व बीएमडब्ल्यूच्या गाडीवर घेतली जाणारी इंधनाची प्रमाण-चाचणी त्यातूनच रूढ झाली. उपाय सापडला तो पेट्रोलमध्ये मिसळलेल्या स्वच्छक रसायनांत : दर फेरीला व्हॉल्व्हच्या पाठीवर पडणारे पेट्रोलच थर धुऊन काढी. थेट अंतःक्षेपणात पेट्रोल व्हॉल्व्हच्या पलीकडे पडते. रोग जुनाच राहिला, औषध मात्र त्या जागी पोचेनासे झाले.

थर नेमका कशाचा, यावर तीन मते आहेत. पहिल्या मतानुसार क्रँककेसमधील (इंजिनाच्या तळाच्या पेटीतील) वाफ पुन्हा इंजिनात घेणाऱ्या पीसीव्ही नळीतून येणारे तेलाचे तुषार हे मूळ होय. दुसरे मत व्हॉल्व्ह सीलमधून दांड्यावरून झिरपणाऱ्या तेलाकडे बोट दाखवते. तिसऱ्या मतानुसार मुख्य वाटा जळालेल्या वायूंतील काजळीचा आहे, कारण ईजीआरमुळे (जळालेल्या वायूंचा काही भाग पुन्हा आत सोडणाऱ्या व्यवस्थेमुळे) किंवा इनटेक व एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह क्षणभर एकत्र उघडे राहिल्याने हे वायू इनटेककडे परततात. खरवडून काढलेली खपली जवळून पाहिली तर ती वरून कोरडी व भुरभुरीत, तर धातूलगत डांबरासारखी चिवट आढळते. तेलाची कढई काठावर भाजत भाजत जशी काळी पडते तसाच हा प्रकार. त्यावरून तेल हा चिकटवणारा व काजळी हा भरणारा घटक, असे तिन्ही मतांना जोडणारे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते.

लांब पल्ल्यावर जोरात पळवली की कार्बन जळून जातो, हा समज अर्धाच खरा आहे. सिलिंडरातील काही थर त्याने कमी होतो. परंतु आत येणाऱ्या हवेने थंड राहणारा इनटेक व्हॉल्व्ह साधारणतः २०० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंतच तापतो, आणि या तापमानाला तेल जळून नाहीसे न होता भाजून घट्ट बसते.

लक्षणे : सकाळी सुरू करताना इंजिन थरथरणे, मिसिंग, पिकअप पडणे, ॲव्हरेज घटणे. कॉइल व प्लग बदलूनही मिसिंग जात नसेल, तर दुर्बिणीच्या कॅमेऱ्याने व्हॉल्व्ह पाहावा.

प्रतिबंध : खानदेशात भुसावळ-जळगावचा मे महिन्यातला पारा ४५ अंशांच्या आसपास जातो म्हणून कार्बन धरतो, असे सरसकट म्हणणे बरोबर नाही. उन्हाचा परिणाम आडवाटेने होतो. बाजारात किंवा कापसाच्या जिनिंगबाहेर एसी चालू ठेवून गाडी तासभर उभी ठेवली, की आयडलिंगला मॅनिफोल्डमधील निर्वात वाढलेला असतो आणि तो सीलमधून तेल ओढून घेतो. रावेर-यावल भागातील घर ते केळीचा मळा अशा दोन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत तेल पुरेसे तापत नाही, त्यात पेट्रोल व पाणी राहते आणि पीसीव्हीतून जाणारी वाफ वाढते. म्हणून अशा वापराच्या गाडीचे तेल मॅन्युअलातील खडतर वापराच्या मुदतीनुसार बदलणे, हा खर्चाच्या मानाने सर्वांत फलदायी उपाय होय. तेल निवडताना नोआक चाचणीचा आकडा पाहावा : २५० अंशांवर एका तासात किती टक्के तेल उडते ते तो सांगतो. एपीआय या अमेरिकी संस्थेच्या अलीकडील प्रमाणात ही मर्यादा १५ टक्के, तर एसीईए या युरोपीय वाहननिर्मात्यांच्या संघटनेच्या अनेक वर्गांत १३ टक्के आहे; आकडा जितका कमी तितके बरे.

पीसीव्हीच्या वाटेत बसवायचा कॅच कॅन तेलाची वाफ थंड करून पकडतो. साहजिकच उन्हाळ्यात तापलेल्या बॉनेटखाली तो कमी पकडतो. पेट्रोलमध्ये टाकायच्या बाटलीने इंजेक्टर स्वच्छ होतात, व्हॉल्व्ह नाही. ई२० मधील इथेनॉललाही हेच लागू. रचनेतील खरा उपाय २००५ च्या सुमारास टोयोटाने योजला : थेट इंजेक्टरच्या जोडीला पोर्टमध्ये दुसरा, म्हणजे धुण्याची जुनी सोय परत.

साफसफाई : थर जाड झाल्यावर मॅनिफोल्ड उतरवून अक्रोडाच्या कवचाचा भरडा दाबाच्या हवेने व्हॉल्व्हवर मारतात व त्याच वेळी व्हॅक्युमने ओढून घेतात. कवच धातूपेक्षा मऊ असल्याने व्हॉल्व्हला इजा होत नाही. इनटेकमधून रसायन सोडून करायचा ‘डिकार्ब’ पातळ थराला ठीक. जाड थराचे सुटलेले तुकडे टर्बोपर्यंत जाऊ शकतात. भरडा मारण्यापूर्वी त्या सिलिंडरचे दोन्ही इनटेक व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेले आहेत याची क्रँक हाताने फिरवून खात्री करावी लागते, आणि दर सिलिंडरला ती नव्याने करावी लागते.