शेजारचं मांजर आणि भुसभुशीत वाफा

जुळे सोलापुरात किंवा होटगी रोडच्या बाजूला घर बांधायला काढलेल्या माणसाला मांजराचा पहिला हिसका बागेआधी वाळूच्या ढिगात बसतो. गिलाव्यासाठी गवंडी वाळू चाळायला घेतो आणि चाळणीत जे यायला नको तेच येतं. पुढे घर पूर्ण होतं, वाळू संपते, अंगणात चार वाफे आणि ओळीने कुंड्या येतात, आणि तेच मांजर मेथीच्या वाफ्यात हजर होतं. घरमालकाची खात्री पटते, की शेजाऱ्याच्या मांजराने आपल्यावर डूख धरलाय. मांजराच्या हिशेबात मात्र एवढंच घडलेलं असतं: वाळू गेली, तिच्या जागी कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आलं.

मांजराच्या या आवडीचं मूळ त्याच्या पूर्वजांत आहे. आपलं घरगुती मांजर फेलिस लिबिका या आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आलं. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला, त्याची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. म्हणजे सोबत जुनी आहे, पण शरीर अजून कोरड्या मुलखातलंच. कोरडी, मोकळी माती पंजाने उकरायची, विधी उरकायचा, वास घ्यायचा आणि वर माती ओढायची, हा क्रम मांजराला शिकवावा लागत नाही. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की आपणहून उकरू लागतात. त्या वयात पायाखाली जी माती येते तिची पसंती पुढेही टिकते. वाळूत वाढलेलं पिल्लू मोठं झाल्यावर वाळूच शोधतं.

आता सोलापूरची माती बघा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते आणि पावसात पायाला किलो-किलोने चिकटते. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात, सुकले की आकसतात. दोन्ही अवस्थांत ती मांजराच्या कामाची नाही. कडक ढेकूळ पंजाने उकरता येत नाही आणि चिखल पंजाला चिकटतो. त्यामुळे शेजारी अख्खा मोकळा प्लॉट पडलेला असला तरी मांजर तिकडे फिरकत नाही आणि तुम्ही गांडूळखत, वाळू, कोकोपीट मिसळून हाताने भुसभुशीत केलेल्या चार फुटांच्या वाफ्यात येतं. बागकामाच्या वर्गात उत्तम माती म्हणून जी शिकवतात, ती नेमकी मांजराचीही उत्तम माती असते.

स्वतःच्या घरची बाग सोडून ते तुमच्याकडे का येतं, याचंही कारण आहे. जिथे खायचं आणि झोपायचं तिथे मांजर शक्यतो घाण करत नाही. ते जातं तरी किती लांब? सहा देशांतल्या ९०० हून अधिक पाळीव मांजरांच्या गळ्यात जीपीएस बांधून केलेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली आले. बहुतेक मांजरं घरापासून शंभरेक मीटरच्या आतच फिरत होती. तेव्हा तुमचा गुन्हेगार दूरच्या पेठेतून येत नाही, तुमच्याच गल्लीत कुणाच्या तरी ओट्यावर झोपलेला असतो.

पुरणं हा नियम असला तरी तो पक्का नाही. मोकाट मांजरांच्या निरीक्षणांत दिसलं, की आपल्या मुख्य ठिकाणापासून लांब गेल्यावर ती पुष्कळदा विष्ठा उघडीच टाकतात. विष्ठेचा वास हा इतर मांजरांसाठी निरोप असतो, आणि परक्या हद्दीत तो निरोप उघडा ठेवलेला बरा. फरशीवर मधोमध टाकून ठेवलेलं पाहून तुमचा संताप होणं साहजिक आहे. पण तो निरोप तुमच्यासाठी नसतो.

मुताची गोष्ट निराळी. गेटच्या खांबावर, कुंडीच्या उभ्या बाजूवर, स्कूटरच्या चाकावर थोडीशी पिचकारी दिसली तर ती बोक्याची खूण समजा. शेपूट उभी करून थरथरवत तो मागच्या मागे फवारा सोडतो. त्याचा दर्प नाकातून का जात नाही, हे जपानी शास्त्रज्ञांनी छान उलगडलंय. मांजराच्या मुतात फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल असतं आणि ते तयार करायला मदत करणारं कॉक्सिन नावाचं प्रथिन असतं. मासाओ मियाझाकी यांच्या गटाने २००६ साली कॉक्सिनचं हे काम दाखवून दिलं. फेलिनिनला स्वतःला फारसा वास नसतो. ते हवेत हळूहळू मोडत जातं आणि त्यातून उग्र गंधकी संयुगं सुटत राहतात. म्हणूनच सकाळी सौम्य वाटलेला वास दुपारच्या उन्हात असह्य होतो. नर हार्मोन जास्त तितकं फेलिनिन जास्त. बोक्याची नसबंदी केली की ते घटतं, आणि सुमारे ९० टक्के बोक्यांची फवारण्याची सवय बंद होते किंवा पुष्कळ कमी होते. शिवाय कोरड्या मुलखाचा वारसा म्हणून मांजराचं मूत्रपिंड पाणी राखून ठेवतं, त्यामुळे त्याची लघवी माणसाच्या सर्वांत दाट लघवीच्या दुपटीहून अधिक दाट होऊ शकते. कोथिंबिरीचा एखादा कोपरा अचानक पिवळा पडून करपला तर हा युरियाचा आणि क्षारांचा जादा डोस असू शकतो.

इथे कुणीतरी म्हणतंच, की शेण चालतं, लेंडीखत चालतं, मग हेही खतच झालं की! तसं नाही. गाय-शेळी गवत खातात, मांजर मांस खातं, आणि मांसाहारी प्राण्याच्या विष्ठेतून येणारे परजीवी माणसाला जास्त जवळचे असतात. घरच्या कंपोस्टच्या ड्रममध्ये किंवा गांडूळखताच्या टाकीत ते मारण्याइतकी उष्णता तयार होत नाही. गांडुळं तर तेवढ्या उष्णतेत स्वतःच मरतील.

या परजीवींत सर्वांत चर्चेतला टोक्सोप्लाझ्मा गोंडी. तो १९०८ साली सापडला, पण त्याच्या आयुष्यातला मांजराचा वाटा कळायला जवळजवळ १९७० साल उजाडलं. हा एकपेशीय जीव उंदीर, शेळी, कोंबडी, माणूस अशा कुणाच्याही शरीरात राहू शकतो, मात्र त्याचं लैंगिक प्रजनन फक्त मांजरकुळातल्या प्राण्यांच्या आतड्यातच होतं. असं का, याचं उत्तर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली दिलं. मांजराच्या आतड्यात डेल्टा-६-डिसॅच्युरेज नावाचं विकर (एन्झाइम) नसतं, त्यामुळे तिथे लिनोलेइक आम्ल साठून राहतं. परजीवीला नेमकं तेच हवं असतं. या संशोधकांनी उंदरांना लिनोलेइक आम्ल खाऊ घातलं, त्यांच्यातलं ते विकर औषधाने रोखलं, आणि परजीवीने मांजर समजून उंदराच्याच आतड्यात प्रजनन सुरू केलं. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

बागेसाठी महत्त्वाचं पुढे आहे. लागण झालेलं मांजर साधारण आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे या परजीवीची अंडीसदृश बीजं विष्ठेतून टाकतं. ती लाखोंनी पडतात, पण ताजी असताना रोग देऊ शकत नाहीत. हवा, ओल आणि बेताचं तापमान मिळालं तर एक ते पाच दिवसांत ती पिकतात आणि मग धोकादायक होतात. पोटातल्या गोल जंतांचंही तसंच आहे. त्यांच्या अंड्यांना मातीत काही आठवडे जावे लागतात, आणि नंतर ती मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातातून तोंडात जाऊ शकतात. तेव्हा दिसलेली घाण आठवड्याच्या साफसफाईसाठी राखून ठेवू नका. त्याच दिवशी खुरप्याने आजूबाजूच्या मुठभर मातीसकट उचला, पिशवीत बांधा आणि कचऱ्यात टाका. एवढ्या एका सवयीने धोक्याचा मोठा भाग टळतो.

इथे सोलापूरचं ऊन आपल्या बाजूने आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना उघडी काळी माती दुपारी ५० अंशांच्या पुढे तापते. टोक्सोप्लाझ्माची बीजं ५५ ते ६० अंशांना काही मिनिटांत मरतात आणि कोरडेपणाही त्यांना मानवत नाही. उलट सावलीत, ठिबकाखाली ओल्या राहणाऱ्या मातीत ती वर्षभरही तग धरतात. म्हणजे पेरूखालचं ओलं आळं जास्त जपायचं. गर्भवती स्त्रीने घाण उचलायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवावं, कारण गरोदरपणात पहिल्यांदा लागण झाली तर ती बाळापर्यंत पोहोचू शकते. बाकीच्यांनी हातमोजे घालावेत, काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि बागेतली मेथी-कोथिंबीर नीट धुऊन घ्यावी. याहून जास्त घाबरायची गरज नाही. अर्धवट शिजलेल्या मांसातूनही हाच परजीवी येतो, आणि त्या मटणावर आपण इतका संशय घेत नाही.

उपायांकडे वळायचं तर आधी निळ्या पाण्याची बाटली. नीळ घातलेल्या पाण्याच्या बाटल्या सोलापुरात कितीतरी घरांसमोर दिसतात, कुत्र्यासाठीही आणि मांजरासाठीही. जपानमध्येही मांजरासाठी पाण्याच्या बाटल्या ठेवायची पद्धत आहे. मांजराला निळा रंग चांगला दिसतो, लाल मात्र नीट कळत नाही. पण निळ्याची त्याला भीती वाटते असं दाखवणारा पुरावा नाही. नवी वस्तू म्हणून दोन दिवस ते बिचकतं, मग बाटलीला अंग घासून जातं. लिंबा-संत्र्याच्या साली, कॉफीची पूड यांचा परिणामही वास उडेपर्यंतच टिकतो. मिरचीपूड टाकू नका. ती पंजाला लागते, पंज्यातून डोळ्यांत जाते, आणि पहिल्या वाऱ्याला तुमच्याही डोळ्यांत येते.

फिनाईल आणि डांबराच्या गोळ्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ते प्रत्येक घरात असतं. फिनाईलमधली फेनॉलसारखी रसायनं शरीराबाहेर टाकायला आपलं यकृत जे एक विकर वापरतं, त्याचं जनुक मांजरात निकामी झालेलं आहे. मांजर फिनाईलवरून चालतं, पंजे चाटतं आणि विष हळूहळू साठतं. माणसाला ताप उतरवणारी पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, तीही याच उणिवेमुळे. वैतागून कुणी मुद्दाम विष घातलं तर प्रश्न कायद्याचा होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला मारणं, विष घालणं किंवा अपंग करणं यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

अल्ट्रासाउंडची यंत्रं ऑनलाइन मिळतात. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजराला त्याच्या कितीतरी पुढे, ८५ किलोहर्ट्झपर्यंत. तत्त्व बरोबर आहे. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत एकदा मांजरांचं येणं सुमारे तिसऱ्या हिस्स्याने घटलं, दुसऱ्यांदा येण्यात फरक पडला नाही, फक्त ती थांबली कमी वेळ. हालचाल टिपून पाणी उडवणारे फवारे चांगले मानतात. पण काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावात मांजरावर पाणी उडवा असा सल्ला मी देणार नाही.

खरा उपाय पुन्हा मातीकडेच येतो. उकरता येणार नाही अशी माती करायची. वाफ्यात बी पेरलं की वर कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी आडवी अंथरा आणि पातळ मातीने झाका. रोपं जाळीतून वर येतात, पंजा मात्र अडतो. जिल्ह्यात डाळिंबाच्या बागा भरपूर आहेत, छाटणीच्या काटेरी काड्या ओळखीच्या शेतकऱ्याकडे मागितल्या तर मिळतात. त्या रोपांच्या मधून आडव्या-तिडव्या ठेवा. बोराटी किंवा तुराट्यांचे तुकडेही चालतात. कुंड्यांमध्ये मातीवर मोठी खडी किंवा करवंट्यांचे तुकडे पसरले तर मांजर अडतं आणि बाष्पीभवन कमी होऊन पाणीही वाचतं. बांधकामाची वाळू ताडपत्रीने झाकलीच पाहिजे. तण काढताना एक गंमत लक्षात ठेवा: खोकली नावाचं जे तण कुंड्यांत आपोआप उगवतं, त्याचं मूळ मांजरांना वेड लावतं. उपटलेली खोकली तिथेच टाकली तर ते आमंत्रणच समजा.

आणि एवढं करून त्याच कंपाउंडच्या एखाद्या आडबाजूला, किंवा शेजारी तयार असतील तर त्यांच्या अंगणात, दोन घमेली कोरडी वाळू पसरून ठेवा. वाफा अवघड आणि वाळू सोपी झाली की मांजर स्वतःच जागा बदलतं. ती वाळू रोज साफ करावी लागते, कारण घाणेरड्या जागेत मांजर जात नाही आणि पुन्हा वाफ्याकडे वळतं. जुन्या जागेवरची वरची माती काढून टाका, फरशी कपड्यांच्या विकरयुक्त साबणाने धुवा. वास राहिला तर जागाही राहते.

शेजाऱ्यांशी बोलायचं तर “तुमचं मांजर” इथून सुरुवात करू नये. अर्ध्या वेळा ते त्यांचंही नसतं. त्या अक्का फक्त दूध घालतात, पलीकडचे अण्णा सुकट घालतात, आणि पिल्लं भलत्याच घराच्या माळ्यावर निघतात. मांजर पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात ते उगीच नाही. त्याऐवजी, “अक्का, बोक्याची नसबंदी करून घेऊ, खर्च निम्मा-निम्मा,” असं विचारलं तर बोलणं पुढे जातं. मादी साधारण सहाव्या महिन्यात माजावर येऊ शकते आणि नऊ आठवड्यांत विते, म्हणून माद्यांची शस्त्रक्रिया त्याआधी व्हायला हवी. बोका उचलून दूर बाळे किंवा शेळगीसारख्या भागात सोडून येणारेही आहेत. त्याने भागत नाही. दूध आणि सुकट जागेवरच असतात, त्यामुळे रिकाम्या हद्दीत नवा बोका येतो, आणि तो येतो नसबंदी न झालेला, नवी हद्द आखायच्या घाईत, प्रत्येक खांबावर पिचकारी मारत.