किरणोपचाराने होणारी ऊतींची इजा

कर्करोगाच्या गाठीवर किरण सोडताना आजूबाजूच्या निरोगी ऊतींना होणारी हानी. किरणोपचाराला रुग्ण आणि नातेवाईक ‘शेक’ म्हणतात. किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. ही मोडतोड दुरुस्त करणे कर्कपेशीला जड जाते, निरोगी पेशी बरीचशी सावरते. तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून शेक विभागून देतात. तोंड-घशाच्या कर्करोगात साधारणपणे रोज २ ग्रे (ग्रे म्हणजे किरणांची मात्रा मोजायचे माप), आठवड्याचे पाच दिवस, असे एकूण ६० ते ७० ग्रे होतात. एवढे करूनही काही इजा राहतेच.

शेक चालू असताना किंवा त्यानंतरच्या तीनेक महिन्यांत दिसते ती तात्काळ इजा. भराभर वाढणाऱ्या पेशींना आधी झळ बसते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड येते, जिभेवर-गालात पांढरा पापुद्रा धरतो, वरणभातही गिळवत नाही. काहींना नाकातून नळी घालावी लागते. स्तनाच्या शेकात काखेतली आणि स्तनाखालच्या घडीतली कातडी काळवंडते, मग सोलवटून ओली होते. ठाण्या-नवी मुंबईच्या दमट हवेत घडीतला घाम सुकत नाही, आणि मंगळसूत्र किंवा ब्लाउजची शिवण घासली तरी कातडी निघते. सैल सुती कपडे घालावेत. हळद, तेल, बाम मनाने लावू नये. ही इजा बहुधा काही आठवड्यांत भरून येते. रुग्ण तिलाच सर्वांत जास्त घाबरतात, पण खरी काळजी करायची ती उशिराच्या इजेची.

ती काही महिन्यांनी, कधी कित्येक वर्षांनी उमटते. बारीक रक्तवाहिन्यांचे अस्तर खराब होते, ऊतींत तंतू साचून त्या घट्ट होतात आणि रक्तपुरवठा आटतो. वरून सगळे ठीक दिसते, पण तिथे जखम झाली की भरत नाही. तंबाखू, मधुमेह आणि त्याच भागावर झालेली शस्त्रक्रिया यांनी धोका वाढतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगानंतर गुदाशय आणि मूत्राशय यांना ही इजा होते. शौचातून रक्त जाते आणि मूळव्याध समजून औषध चालू होते. दुर्बीण घातली तरी गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीला काढणे शक्यतो टाळतात, कारण तिथे भोक पडून योनिमार्गाशी वाट तयार होऊ शकते. या इजेवर नवी मुंबईशी जोडलेले महत्त्वाचे काम झाले आहे. खारघरचे अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोग केंद्र ज्या टाटा मेमोरियल सेंटरचा भाग आहे, तिथल्या ‘पार्सर’ चाचणीत गर्भाशय काढलेल्या ३०० स्त्रियांना दोन पद्धतींनी शेक दिला. जुन्या पद्धतीत तीन वर्षांत ४२.४ टक्के स्त्रियांना आतड्याचा मध्यम किंवा त्याहून गंभीर त्रास झाला. रोज प्रतिमा पाहून किरणांची तीव्रता जागोजागी बदलणाऱ्या पद्धतीत २१.१ टक्के. रोगावरचा ताबा दोन्हीकडे सारखाच राहिला. म्हणजे निम्मा त्रास केवळ नेमकेपणाने टळला. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. खारघरला २०२३ पासून प्रोटॉन उपचारही, म्हणजे क्ष-किरणांऐवजी प्रोटॉन कणांचा शेक, होतात. प्रोटॉन ठरावीक खोलीवर थांबतात, त्यामुळे गाठीपलीकडची ऊती वाचते. गाठीच्या अलीकडची मात्र पूर्णपणे वाचत नाही.

गुटखा, मावा आणि मिश्रीच्या आपल्या मुलखात जबड्याच्या इजेकडे विशेष लक्ष द्यायला हवे. लाळग्रंथींना शेक बसला की तोंड कोरडे पडते, मग दात मुळाशी किडतात. चावण्याचे स्नायू आखडून तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जातात का, ही घरच्या घरी करायची परीक्षा. व्यायामासाठी आइस्क्रीमच्या काड्यांची चवड दातांत धरतात आणि तोंड सैलावेल तशी एकेक काडी वाढवतात. कंटाळवाणे काम आहे, पण शेक संपल्यावर सोडले की जबडा पुन्हा आवळतो.

खालच्या जबड्याचे हाड घट्ट आणि कमी रक्ताचे असल्याने ६० ग्रेच्या वर ते मरण्याचा धोका वाढतो. निमित्त बहुतेकदा दात काढण्याचे असते. शेक संपून पाच-सात वर्षे झालेली असतात, कळव्या-ऐरोलीचा माणूस जवळच्या दवाखान्यात दुखरी दाढ दाखवतो, आणि जुन्या आजाराचा विषय निघतच नाही. दाढ काढलेला खड्डा भरत नाही. महिन्यांनीही त्यात पिवळट हाड उघडे दिसते. म्हणून वाचणार नाहीत असे दात शेकाआधीच काढून जखमेला दोनेक आठवडे देतात. नंतर दात दुखला तर उपटण्याऐवजी रूट कॅनल करून मूळ जागच्या जागी ठेवणे बरे. दंतवैद्याला कोणत्या बाजूला, किती ग्रे आणि कोणत्या साली शेक बसला ते कळायला हवे. ते उपचाराच्या कागदांत असते. ती फाइल रद्दीत जाऊ देऊ नये.

हाड उघडे पडलेच तर सुरुवातीला तोंडाची स्वच्छता, प्रतिजैविके आणि मेलेल्या तुकड्यांची सफाई करतात. पेंटॉक्सिफायलीन हे रक्तप्रवाह सुधारणारे औषध आणि ई जीवनसत्त्व बरेच डॉक्टर देतात. दाबाखालच्या ऑक्सिजनच्या बंद कक्षात रोज सुमारे दीड तास, अशा तीसेक बैठका हा आणखी एक मार्ग, पण त्याच्या उपयोगाबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. जबडा मोडला किंवा गालाबाहेर पू वाहू लागला की मेलेला भाग कापून पायाच्या फिब्युला हाडाचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसह तिथे बसवतात.