पाहुणे येणार, चटणीचा डबा काढा
आमच्या कांडप गिरणीच्या ग्राहकांसाठी दिवाळीच्या सुट्टीचं माहितीपत्रक

उन्हाळ्यात कांडून नेलेली चटणी, म्हणजे आपला मिरची, कांदा-लसूण, खोबरं घातलेला कोल्हापुरी मसाला, दिवाळीपर्यंत छान मुरलेली असते. पुण्या-मुंबईची पोरं, लेकी-जावई, भाचरं कोल्हापुरात येतात तीही याच दिवसांत. चार दिवस फराळ होतो आणि भाऊबीज आटोपली की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "गोड बास झालं, आता तांबडा-पांढरा करा." मटणाच्या तांबड्या आणि पांढऱ्या रश्श्याचा दहा-बारा माणसांचा हा बेत ऐकूनच नव्या सुनांना घाम फुटतो. पण एका पातेल्यात अळणी (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी), दोन वाटणं आणि चटणीचा डबा एवढं जमलं की अख्खी पंगत उठते. गिरणीत चटणी न्यायला येणाऱ्या मंडळींना तोंडी सांगतो तेच इथे नीट लिहून देतोय.

अळणी आधी

दहा-बारा जणांना दीड किलो मटण घ्या. नुसतं बोनलेस मागू नका, नळी आणि हाडं असू द्यात. रश्श्याला अंग येतं ते हाडांतून. मटणाला हळद, आलं-लसूण आणि थोडं मीठ चोळून अर्धा तास ठेवा. जाड बुडाच्या पातेल्यात तेलावर दोन कांदे परता, मटण घाला आणि त्याचं स्वतःचं पाणी सुटून आटेपर्यंत हलवत राहा. मग वर ताट ठेवून ताटात पाणी ओता. ते तापलं की तेच पाणी पातेल्यात घालायचं आणि ताट पुन्हा भरायचं. असं करत एकूण तीन लिटरच्या आसपास पाणी जाऊ द्या. गार पाणी एकदम ओतू नका, मटण शिजायचं थांबतं. सव्वा-दीड तासात तुकडा बोटांनी तुटायला लागतो. घाई असेल तर कुकर आहेच, पाच-सहा शिट्ट्या. चव मात्र पातेल्यातलीच उजवी.

मटण शिजलं की तुकडे बाजूला काढा. पाण्यातलं वाटीभर लहान पोरांसाठी आणि पथ्याच्या माणसांसाठी आधीच काढून ठेवा. तूप घातलेल्या गरम भातावर ही अळणी म्हणजे कोल्हापुरातल्या पोरांचं पहिलं मटण. उरलेल्या पाण्याचे दोन भाग करा.

पांढरा रस्सा का फाटतो

सुट्टीच्या दिवसांत फोनवर सगळ्यात जास्त विचारलं जातं ते हेच. नारळाचं दूध खळखळून उकळलं की त्यातली प्रथिनं गोळा होतात आणि तेल वेगळं पडतं. म्हणून दूध सगळ्यात शेवटी घालायचं.

दोन चमचे खसखस, दोन चमचे पांढरे तीळ आणि दहा-बारा काजू कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून गंधासारखे बारीक वाटा. एका मोठ्या नारळाचं घट्ट दूध काढून ठेवा. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडे, मिरे आणि दोन चिरलेल्या हिरव्या मिरच्या टाका. वाटण घालून मंद आचेवर परता, पण रंग बदलू देऊ नका. मग अळणीचा एक भाग घालून उकळी काढा आणि गॅस अगदी बारीक करा. आता नारळाच्या दुधात डावभर गरम अळणी मिसळा आणि ते दूध धारेने पातेल्यात सोडा. कडेला बुडबुडे दिसायला लागले की गॅस बंद. झाकण घट्ट लावू नका, वाफ कोंडून पुन्हा उकळी येते. मीठ चाखून शेवटी घाला.

तांबडा

उभे चिरलेले तीन कांदे, अर्धी वाटी सुकं खोबरं, चमचाभर तीळ आणि चमचाभर खसखस वेगवेगळं भाजा. प्रत्येकाला भाजायला वेगळा वेळ लागतो, एकत्र टाकलं की खसखस जळते आणि कांदा कच्चा राहतो. यात आलं, लसूण, कोथिंबीर घालून वाटा. तेल थोडं सढळ घ्या आणि वाटण कडेने तेल सुटेपर्यंत परता.

आता गॅस कमी करा, मगच चटणी. चार पोह्याचे चमचे पुरे, जेवणारे पक्के कोल्हापुरी असतील तर पाच. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात उतरत नाही. चटणी तेलात अर्धा मिनिट परतली तरच वर लाल कट येतो. उकळत्या रश्श्यात वरून टाकली तर रंग फिका आणि चव कच्ची. उलट तेल कडकडीत असेल तर चटणीतला कांदा-लसूण क्षणात करपतो आणि रस्सा काळपट, कडवट होतो. रंग उतरलेला दिसला की लगेच डावभर अळणी, मग उरलेली सगळी. दहा मिनिटं मंद उकळा. चटणीत खडे मीठ कांडलेलं असतं, त्यामुळे मीठ चाखूनच घाला.

यातलंच चार चमचे वाटण आणि थोडी चटणी घेऊन बाजूला काढलेले तुकडे परतले की सुक्कं तयार. सोबत ज्वारीची भाकरी आणि मिळाला तर आजऱ्याचा घनसाळ भात. दाणा बारीक, वास असा की शिजताना शेजाऱ्याला कळतं. 2016 साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या भागात पाहुण्यांसाठी घनसाळ राखून ठेवायची रीत त्याआधीची.

घरात माळकरी असतील तर त्यांच्यासाठी अख्खा मसूर करा. मसूर दोन तास भिजवून, दाणा आख्खा राहील इतपत शिजवा आणि कांदा-टोमॅटोच्या फोडणीत चटणी घालून ढवळा. मटणाचा डाव त्या पातेल्यात जाऊ देऊ नका, एवढा मान ठेवायलाच हवा.

पोरांच्या हाती भडंग द्या. अर्धा किलो चुरमुऱ्यांना वाटीभर तेल, वाटीभर शेंगदाणे, ठेचलेला लसूण, कढीपत्ता, दोन-तीन चमचे चटणी, थोडी पिठीसाखर. गॅसपाशी मोठ्यांनी उभं राहायचं, कालवायचं काम पोरांचं.

आजीची मूठ काट्यावर ठेवा

आता आमच्या जिव्हाळ्याची गोष्ट. दरवर्षी उन्हाळ्यात काही ग्राहक जुनी यादी घेऊन येतात. कडा फाटलेल्या, हळदीचे डाग पडलेल्या कागदावर लिहिलेलं असतं: "धने दोन मुठी, दालचिनी चार बोटं, दगडफूल अंदाजाने." लिहिणारी माऊली आता नसते. मग लेक आमच्यापुढे उभी राहून म्हणते, आईसारखी चटणी करून द्या. आम्ही जिन्नस ओळखतो, मिरचीचा मेळ सांगतो: रंगाला बेडगी, चवीला संकेश्वरी, झणझणीतपणाला लवंगी. पण त्या मुठीत किती धने मावायचे, हे आम्हाला कुठून कळणार?

म्हणून या सुट्टीत घरातली थोर माणसं ओट्यापाशी असताना एवढं कराच. स्वयंपाकाचा काटा घ्या, त्यावर वाटी ठेवा. आजी धन्याची मूठ भरेल ती आधी वाटीत ओतायला सांगा, ग्रॅम लिहा, मग पातेल्यात जाऊ दे. तिला मध्ये थांबवून "किती?" विचारू नका. तिला आकडा माहीत नसतो आणि हातही बिचकतो. जिन्नस किती भाजला ते शब्दांत लिहिण्यापेक्षा भाजलेल्या खोबऱ्याचा फोटो काढा. तेल कुठलं, पातेलं कुठलं, आधी काय पडलं, हेही टिपा. नागकेशर, बाद्यान (चक्रीफूल), जायपत्री असे जिन्नस थोडेच लागतात, पण ते राहिले की "काहीतरी कमी आहे" असं वाटत राहतं, ते विसरू नका.

ही यादी आमच्याकडे आणून द्या. तुमच्या नावाने वहीत उतरवून ठेवू. पुढच्या उन्हाळ्यात परगावी असलात तरी फोन करा, त्याच मापाने कांडून देऊ. दुसऱ्या कुणाला ती यादी दाखवत नाही.

डबा सांभाळा

चटणी काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत दाबून भरा, वर हिंगाचे दोन खडे ठेवा. ओला चमचा घालू नका. चटणीत खोबरं असतं, हवा आणि ओल लागली की ते खवट होतं. पावसाळ्यात डबा सर्दावला असेल तर वास घेऊन बघा. खवट वास आला किंवा बुरशी दिसली तर ती चटणी वापरूच नका. चांगली असेल तर रोजच्या वापरापुरती बाहेर, बाकीची फ्रीजमध्ये. पोरांबरोबर परगावी देताना दोन पिशव्या, दोन गाठी.

उरलेला तांबडा रस्सा गार करून फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी खळखळून उकळा, चव वाढलेली असते. पांढरा मात्र उरवू नका. कुणी उशिरा येणार असेल तर त्यांच्या वाट्याची अळणी बिनदुधाची ठेवा आणि माणूस दारात आला की नारळाचं दूध घाला.

दिवाळीत लक्ष्मीपूजन आणि पाडवा सोडून गिरणी सकाळी चालू आहे. किलोभर मिरचीही कांडून देतो. मिरच्या देठ काढून, उन्हात कडकडीत वाळवून आणा, आणि कांदा-लसूण घरी तळून आणणार असाल तर तेल पूर्ण निथळू द्या.