मेणाने केस धरावा, कातडी नव्हे

वॅक्सची पट्टी ओढल्यावर जे दुखते, ते एकच दुखणे नसते. केस मुळासकट उपटला जातो आणि त्याच झटक्यात मेणाला चिकटलेला त्वचेचा सर्वांत वरचा पापुद्राही थोडा निघून येतो. केस उपटण्याची कळ पूर्णपणे टाळता येत नाही, पण ती लवकर ओसरते. पापुद्रा निघण्याची इजा मात्र बरीचशी टाळता येते. संवेदनशील त्वचेच्या माणसाला नंतर जी आग आणि चुरचुर सोसावी लागते, तिच्यात या इजेचा वाटा मोठा असतो. म्हणून ‘दुखणारच, सहन करा’ हा सल्ला मला पटत नाही.

आधी केसाबद्दल. प्रत्येक केस त्वचेतल्या एका बारीक नळीत, म्हणजे रोमकूपात, रुजलेला असतो आणि या रोमकूपाला मज्जातंतूंच्या टोकांचा वेढा असतो. अमेरिकेतल्या ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’मधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत या वेढ्यातले एक खास प्रकारचे तंतू ओळखले. हळुवार स्पर्शाला ते दाद देत नाहीत, पण एकच केस ओढला तरी लगेच वेदनेचा संदेश धाडतात. उपटताना जाणवणारी कळ इतकी टोकदार आणि तत्क्षणी का असते, हे त्यावरून समजते.

ही कळ कमी करायचा सर्वांत सोपा उपाय हाताशीच असतो. पट्टी निघाली की त्याच क्षणी त्या जागेवर तळहात घट्ट दाबून ठेवायचा. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार स्पर्श आणि दाब यांचे संदेश पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपाशी वेदनेच्या संदेशाची वाट काही प्रमाणात अडवतात. लागलेल्या जागी आपला हात आपोआप जातो, तोही याच कारणाने उपयोगी पडतो.

केसांच्या वाढीचा टप्पाही महत्त्वाचा असतो. वाढत्या अवस्थेतला केस रोमकूपाला घट्ट धरून असतो. विश्रांतीच्या अवस्थेतला सैल झालेला असतो आणि सहज निघतो. एका वेळी सगळे केस एकाच अवस्थेत नसतात. पहिली खेप बहुधा सर्वांत त्रासदायक ठरते. साधारण चार ते सहा आठवड्यांचे अंतर ठेवले तर पुरेसे केस पकडण्याजोगे वाढतात. त्यांची लांबी सुमारे ६ मिलिमीटर हवी. त्याहून आखूड केस मेणाच्या हाती लागत नाहीत आणि सगळी ओढ त्वचेवर येते. फार लांब असतील तर आधी कात्रीने कापून घ्यावेत.

आता त्वचा. तिचा सर्वांत वरचा थर मृत, चपट्या पेशींचा असतो आणि शरीराच्या बहुतेक भागांवर त्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतकीच असते. बाहेरच्या त्रासदायक गोष्टी अडवणे आणि आतले पाणी टिकवणे ही कामे हाच थर करतो. त्वचेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ एकाच जागी चिकटपट्टी पुन्हा पुन्हा लावून काढतात, तेव्हा हा थर पापुद्र्या-पापुद्र्याने उतरतो आणि त्वचेतून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढत जाते. राहिलेल्या चार केसांसाठी त्याच जागी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा मेण लावणे म्हणजे नेमका हाच प्रयोग स्वतःवर करणे. ते चार केस चिमट्याने काढावेत. संवेदनशील त्वचेसाठी एकच नियम पाळायचा असेल, तर मी हाच सांगेन.

मेण त्वचेला कमीत कमी चिकटावे यासाठी त्वचा स्वच्छ आणि पूर्ण कोरडी हवी. वर टाल्कम पावडरचा अगदी पातळ हात फिरवला जातो तो घाम टिपण्यासाठी. मेण केसांच्या वाढीच्या दिशेने पातळ पसरायचे, एका हाताने त्वचा ताणून धरायची आणि पट्टी उलट दिशेने, त्वचेला जवळजवळ समांतर, एका झटक्यात ओढायची. पट्टी वरच्या दिशेने ओढली की कातडीही तिच्याबरोबर उचलली जाते. मग केस मध्येच तुटतात आणि हिरवेनिळे डागही पडतात. काख आणि बिकिनी लाइन अशा नाजूक जागी पट्टीशिवाय निघणारे हार्ड वॅक्स अनेकांना सोसते, कारण ते थंड होताना केसांभोवती आवळते आणि त्वचेला तुलनेने कमी चिकटते.

मेणाच्या तापमानाबाबत मात्र हयगय नको. त्वचेतले उष्णतेच्या वेदनेचे संवेदक साधारण ४३ अंश सेल्सियसला जागे होतात. ६० अंशांचा पदार्थ पाच-सात सेकंद टेकला तरी त्वचा भाजू शकते. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेले मेण वरून कोमट आणि आत कढत असू शकते, म्हणून ते नीट ढवळून मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहावे.

डब्यावरच्या ‘नैसर्गिक’ या शब्दाने निर्धास्त होऊ नये. पुष्कळ मेणांत पाइनच्या झाडापासून मिळणारी राळ असते. ती पूर्ण नैसर्गिक आहे आणि अ‍ॅलर्जी आणणाऱ्या परिचित पदार्थांपैकीही एक आहे. जखमेवरच्या चिकटपट्टीने ज्यांना पुरळ उठते, त्यांनी राळेकडे संशयाने पाहावे, कारण काही चिकटपट्ट्यांच्या गोंदातही ती असते. साखर, लिंबू आणि पाणी आटवून केलेल्या वॅक्समध्ये राळ नसते आणि ते पाण्याने धुतले जाते, हा त्याचा खरा फायदा. नवे मेण आधी हाताच्या आतल्या बाजूला छोट्या जागी वापरून दोन-तीन दिवस थांबावे. अशी अ‍ॅलर्जी उशिरा प्रकट होते, त्यामुळे पंधरा मिनिटांत काही झाले नाही म्हणजे सुटलो, असे नसते.

काही औषधे वरचा थर नाजूक करतात. मुरुमांसाठी किंवा सुरकुत्यांसाठी लावायचे रेटिनॉइड क्रीम काही दिवस आधी थांबवावे लागते. तीव्र मुरुमांवर पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइन या औषधाच्या काळात आणि ते थांबल्यावर सहा महिने वॅक्सिंग करूच नये; कातडी सोलून व्रण राहण्याचा धोका असतो. उन्हाने होरपळलेली त्वचा, इसब, उघडी जखम यांवरही मेण नको.

बधिर करणारे क्रीम भरपूर चोपडून वर प्लॅस्टिक गुंडाळण्याचा सल्ला कुणी दिला, तर तो ऐकू नका. लेझरने केस काढण्यापूर्वी पायांवर असे केल्यामुळे दोन तरुणींचा मृत्यू झाला होता आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये त्याबद्दल इशारा दिला. मोठ्या भागातून ते औषध रक्तात उतरते.

वॅक्सिंगनंतर प्रत्येक रोमकूपाभोवती बारीक लाल फुगवटा दिसणे स्वाभाविक आहे. इजा झाली की पेशी हिस्टामिन सोडतात, त्याची ती खूण. बहुधा एक-दोन दिवसांत ती जाते. गार पाण्याची घडी आणि बिनवासाचे मॉइश्चरायझर एवढे पुरते. पहिला दिवसभर कढत पाण्याची अंघोळ, घट्ट कपडे, पोहणे आणि घाम काढणारा व्यायाम टाळावा, कारण रिकामे झालेले रोमकूप जंतूंना उघडे असतात. मेणात एकदा बुडवून त्वचेला लावलेली मेण पसरायची चमची पुन्हा डब्यात बुडवू न देण्याचे कारणही तेच.

नवा केस वळून कातडीतच शिरला, तर सुईने टोकरू नये. त्वचा शांत झाल्यावर, काही दिवसांनी, मऊ कापडाने हलके चोळत राहिले की तो बहुधा सुटतो. पू भरलेल्या पुळ्या वाढत गेल्या, लाली पसरू लागली किंवा ताप आला, तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जावे. मधुमेह असलेल्यांनी किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी वॅक्सिंग सुरू करण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे.